विहिरीवरची कोरी जागा

यंदाच्या दिवाळीला दीपमालाच्या मोबाइलवर सत्तेचाळीस शुभेच्छा आल्या आणि त्यातल्या एकोणीस शब्द न् शब्द सारख्या होत्या. तीच पणती, तोच प्रकाश, तीच समृद्धी. एका शहाण्याने तर आपल्याला आलेला मेसेज पुढे ढकलताना खालचं दुसऱ्याचं नाव काढायचीही तसदी घेतली नव्हती. दोन हजार आठ साल हे! अंगठा दाबला की झाली दिवाळी.

"उसन्या पिठाच्या करंज्या नुसत्या!" दीपमाला फणकारली.

"मग तू काय करायचीस गं?" साईने विचारलं. साई म्हणजे तिची लेक, आठ वर्षांची. प्रश्न विचारून आईला पेचात धरणं हा तिचा आवडता खेळ.

दीपमालाने स्टुलावर चढून माळ्यावरचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत बारा वड्यांची रंगपेटी होती, केस झडलेले दोन ब्रश होते आणि तळाशी एकच कार्ड. कार्डावर पाण्याच्या रंगात काढलेली विहीर होती, मागे झेंडूच्या ओळी, आणि विहिरीच्या कठड्यावर एक माणूस बसलेला. अंगावर पिवळट, विटका रंग.

"हा कोण?"

आता हे एका वाक्यात सांगता आलं असतं तर काय हवं होतं! दीपमाला डबा मांडीवर घेऊन सिडकोतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात खालीच बसली.

तिचं माहेर मखमलाबादचं. माळ्याचं घर, चार एकर मळा आणि बाराही महिने फुलं. आबांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, सावळीरामांचं, पंचांग भिंतीवर नव्हतं, वाफ्यात होतं. संक्रांतीला शेवंती, चैत्रात गलांडा आणि मोगरा, श्रावणात तेरडा, दसरा-दिवाळीला झेंडूचा पूर, आणि एरवीही झेंडूचा एखादा वाफा असायचाच. पहाटे करंड्या भरायच्या आणि उजाडायच्या आत फुलबाजार गाठायचा. आई साळूबाई आणि मोठा भाऊ ललित, सगळी त्यातच राबायची. दीपमाला, घरच्यांची माली, तीही राबायची, पण तिचं अर्धं डोकं चित्रात असायचं. शाळेतले चित्रकलेचे सर म्हणायचे, "पांढरा रंग पेटीत शोधू नका. पाण्याच्या रंगात पांढरं रंगवायचं नसतं, राखायचं असतं. कागद तिथं कोरा सोडा." तेवढं वाक्य धरून ही पोर शेवंतीची पांढरी फुलं अशी काढायची की सर स्वतःच चष्मा पुसायचे.

ललितने आयटीआय केलं आणि अंबडला कंपनीत चिकटला. झालं, तिथून बिनसलं. पहाटे तो मळ्यात झेंडू तोडायचा आणि आठला कंपनीत मशीनवर उभा राहायचा. अंगाचा वास जाणार कुठे? कंपनीतल्या टवाळांनी त्याचं नाव 'झेंडू' ठेवलं. 'आला का झेंडू, गेला का झेंडू.' पोरगं एकवीस वर्षांचं, लग्नाच्या वयाचं. त्याच्या वर्मी लागायचं ते. घरी मात्र तोंडातून अवाक्षर नाही.

मग नव्वद सालचा दसरा आला. वर्षातला सगळ्यात मोठा बाजार. करंड्या टेम्पोत चढलेल्या. आणि ललित म्हणाला, कंपनीत मशीनची पूजा आहे, मी तिकडं जातो.

"बापाच्या फुलावर लाज वाटाया लागली का रं?" आबा म्हणाले.

त्या एका शब्दावर वर्षभराचं तुंबलेलं बाहेर पडलं. "हो, वाटते! झेंडूचा वास नकोसा झालाय मला. मेला तो वास अंगातनं जात नाही!"

आबांनी हातातली करंडी खाली ठेवली. फार शांतपणे ठेवली, आणि तेच वाईट होतं. "मंग मी बोलावल्याबिगर या मळ्यात पाय ठिवायचा नाय."

"नाही ठेवणार. तुम्ही स्वतः बोलावल्याशिवाय नाही ठेवणार."

खाण तशी माती! बाप हट्टी, लेक सवाई हट्टी. ललित पिशवी घेऊन निघाला तो निघालाच. त्याच पंधरवड्यात कंपनीने त्याला पिथमपूरच्या कारखान्यात धाडलं, तिकडे मध्य प्रदेशात. आणि आबांनी बायकांना बजावलं, "त्येला चिठ्ठीचपाटी करायची नाय. माझी आण हाय."

साळूबाई चुलीपुढे बसून पदराने डोळे पुसायची आणि विचारलं तर धुराला दोष द्यायची. दीपमाला पंधरा वर्षांची होती. घरातला एक माणूस गेला आणि कुणी त्याचं नावही घ्यायचं नाही, हे तिला काही केल्या गिळेना.

तिला वाट दाखवली ती पुंजाभाऊंनी. पंचवटीत त्यांचं वह्या-पेनांचं दुकान होतं आणि दीपमालाची हाताने रंगवलेली कार्डं ते दुकानात दोरीवर लावायचे. नव्वद सालची गोष्ट ही, लोक हौसेने कार्डं निवडत उभे राहायचे तेव्हा. "पोरी, कार्ड पाठवायचं तर बुक पोस्टानं पाठवावं," ते म्हणाले. "पाकीट चिकटवायचं नाही, झाकण नुसतं आत खोचायचं. आत शुभेच्छेचे पाच शब्द चालतात. सहावा लिहिलास तर पोस्टवाला दंड लावतो."

दीपमालाच्या डोक्यात उजेड पडला. आबांनी चिठ्ठीची आण घातली होती, चित्राची कुठे घातली होती? ती पाच शब्दही लिहिणार नव्हती. नावसुद्धा टाकणार नव्हती.

पहिलं कार्ड तिने त्याच दिवाळीला काढलं. विहीर, पंपाची खोली, झेंडूच्या ओळी. संध्याकाळी काम आटोपलं की ललित विहिरीच्या कठड्यावर पाय सोडून बसायचा. तिथे तिने त्याची आकृती पेन्सिलने काढली. बाकी सगळं रंगवून झालं, पण त्याच्यावर ब्रश टेकवायला हात धजेना. तो मळ्यात नव्हताच, मग रंगवायचं कसलं? तिने तेवढा कागद कोरा राखला.

ओटीवर चित्र वाळत होतं. आबा हातपाय धुऊन आले आणि पाठीमागून वाकून बघायला लागले.

"हितं रंग द्यायचा ऱ्हायला की," आबा म्हणाले.

"नाही आबा, ते तसंच ठेवायचं असतं. आमचे सर सांगतात."

"कोण हाय त्यो?"

"कुणी नाही. असाच एक माणूस."

आबांनी कोऱ्या जागेकडे बोट केलं. मग म्हणाले, "रानात नांगी ठिवू नये, माले." आणि बैलांना पेंड द्यायला गेले.

वाफ्यात लावलेलं एखादं रोप मरतं आणि ओळीत मोकळी जागा राहते, ती नांगी. इतर माळी एखाददुसरी नांगी सोडून देतात. आबा नाही सोडायचे. लागवडीनंतर आठव्या दिवशी उकिडवे बसून, ओळीन् ओळ चाचपून ते नांग्या भरायचे. मळ्यातली मोकळी जागा त्यांच्या डोळ्यात खुपायची. तेव्हा दीपमालाला वाटलं, माळ्याच्या डोळ्याला जे दिसलं ते बोलले, बाकी काही नाही.

कार्डं पोस्टात टाकायचं काम आबांचंच होतं, कारण फुलबाजाराच्या वाटेवर रविवार कारंजापाशी टपालपेटी लागायची. आबांना अक्षरओळख नव्हती. सहीपुरतं 'सावळीराम' एवढंच घोटलेलं. म्हणून तर दीपमालाने धाडस केलं. मावशी, मामा, आत्या, सगळ्यांच्या कार्डांच्या मधोमध, मामांकडून मिळवलेल्या पत्त्याचं, पिथमपूरचं पाकीट सरकवून तिने गठ्ठा त्यांच्या हाती दिला. बापाच्याच हाती बापाची चोरी! दिवसभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारी आबा परतले, भाकरी खाल्ली, झोपले.

मग तो पायंडाच पडला. संक्रांतीला शेवंतीच्या ओळी आणि विहीर. पाडव्याला कडुनिंबाचा मोहर, गलांडा आणि विहीर, पाणी तळाला गेलेलं. राखीपौर्णिमेला हिरवंगार सगळं, तेरडा, विहीर काठोकाठ. दिवाळीला झेंडू. आईच्या अंगणात काय फुललंय, पाऊस किती झाला, गाय व्याली की नाही, सगळं त्या चित्रात असायचं. माळ्याच्या पोराला ते वाचायला अक्षरं लागत नाहीत. आणि दर कार्डात कठड्यावर एक कोरा माणूस. पिथमपूरहून उत्तर म्हणून जानेवारीत एक छापील कार्ड यायचं, आत फक्त 'ललित'. त्यावर आई हात फिरवायची आणि देवामागे ठेवून द्यायची. आबा त्या दिवशी देवपूजा जरा लांबवायचे, एवढंच.

नऊ वर्षं गेली हो अशी! ललितने तिकडेच निकिता नावाच्या मुलीशी लग्न केलं, ते मामांकडून कळलं. मुलगी झाली, तेही मामांकडूनच. साळूबाईने नातीसाठी दुपटी शिवली आणि ट्रंकेत ठेवली. "बोलवा की ओ पोराला," ती एकदा काकुळतीने म्हणाली, तर आबा उठून मळ्यात गेले.

नव्याण्णव साली दीपमालाचं लग्न ठरलं. नवरा मुलगा वाल्मीक, सातपूरला नोकरीला, सरळ माणूस. मुहूर्त मार्गशीर्षातला, मांडव मळ्यातच. सगळं मनासारखं, पण दीपमालाला घास गोड लागेना. लग्नात नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा असतो. बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, असा त्याचा अर्थ. सख्खा भाऊ हयात असताना कान पिळायला चुलतभाऊ उभा करायचा? तिला ते सहन होईना. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती आबांपुढे उभी राहिली.

"आबा, दादाला बोलवा. मला दुसरं काही नको. दागिना नको, साडी नको. एक शब्द टाका त्याला."

आबा हार ओवत होते. त्यांनी सुई थांबवली. "मी बोलवायचं काय बाकी ठिवलंय गं?" ते एकदम चिडून म्हणाले. "येत नाय त्यो. यायचंच नाय त्येला. आता काय पाय धरू त्येचं?" आणि त्यांचा आवाज असा फाटला की दीपमाला घाबरली.

तिला वाटलं, म्हाताऱ्याचा उलटा कांगावा आहे. कधी बोलावलं यांनी? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते हेच. त्या दिवशी ती बापावर मनापासून रागावली.

आणि पुढच्याच आठवड्यात पिथमपूरहून जाड पाकीट आलं, तिच्या नावाचं. नऊ वर्षांत पहिलं पत्र!

'माले, मामांनी लग्नाचं कळवलं. तुझ्या नवऱ्याचा कान पिळायला माझे हात शिवशिवतायत. पण आबांनी स्वतः बोलावल्याशिवाय मी मळ्यात पाय ठेवायचा नाही, हे तुला ठाऊक आहे. त्यांनी नऊ वर्षांत एकदाही बोलावलं नाही. एक काम कर. तुझी सगळी कार्डं मी जपून ठेवलीत, पण विहिरीवरच्या माणसाला तू जो झेंडूचा रंग देतेस तो टिकत नाही, बाकीचं चित्र ताजं राहतं. निकिता म्हणते, तेवढा माणूस पुन्हा रंगवून घ्या. म्हणून गेल्या दिवाळीचं कार्ड सोबत पाठवतोय.'

दीपमालाने पत्र दोनदा वाचलं. कसला झेंडूचा रंग? तिने तर एकदाही त्या माणसाला रंग दिला नव्हता!

तिने कार्ड उजेडात धरलं. कोऱ्या जागेवर पिवळा-केशरी रंग चोळलेला होता. ब्रशचा नव्हे. कुठे दाट, कुठे फिका, रेषेच्या बाहेर गेलेला, आणि त्यात पाकळीचा एक बारीक तुकडा अजून चिकटून बसलेला. झेंडूची पाकळी कागदावर अंगठ्याने रगडली की असाच डाग पडतो. डागाच्या कडेला अंगठ्याच्या रेषा होत्या, जाड, भेगाळलेल्या. तो अंगठा ती लहानपणापासून ओळखत होती. झेंडू तोडून तोडून तो बाराही महिने पिवळा असायचा.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली.

म्हणजे आबांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पाकीट चिकटवलेलं नसायचं. ते उघडायचे, आणि लेकीने ठेवलेली नांगी भरायचे. हेच त्यांचं बोलावणं होतं. ज्या फुलाचा वास पोराला नकोसा झाला, त्याच फुलाने ते त्याला दर सणाला विहिरीवर आणून बसवत होते. आणि तिकडे पोराला वाटत होतं, बहिणीने रंग दिलाय. इकडे बापाला वाटत होतं, पोराने बघितलं आणि तरी आला नाही. नऊ वर्षं! एकाच पाकिटात दोघांचं बोलणं चाललं होतं आणि दोघंही रुसून बसले होते. दीपमालाला हसावं की रडावं कळेना. ती रडलीच.

आबांना विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर त्यांनी कानावर हात ठेवले असते आणि पुन्हा कधी पाकळी लावली नसती. तिने निराळं ठरवलं. दिवाळीचं कार्ड नेहमीसारखं काढलं, विहीर, झेंडू, कठड्यावरचा कोरा माणूस. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याखाली लिहिलं. मोजून पाच शब्द: 'दादा, हा रंग माझा नाही.' आण मोडली, म्हणून देवापुढे नाक घासलं, आणि गठ्ठा आबांच्या हाती दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गोठ्याच्या दाराआड उभी राहिली. आबांनी करंड्या टेम्पोपाशी आणून ठेवल्या. मग ओटीवरच्या दिव्याखाली पालथ्या करंडीवर बसले. पैरणीच्या आतल्या खिशातून पाकिटं काढली, एकेक उघडून बघत गेले आणि विहिरीचं चित्र सापडल्यावर थांबले. करंडीतलं टपोरं फूल निवडलं, दोन पाकळ्या तोडल्या आणि जीभ दातात धरून, बालवाडीतल्या पोराच्या नेटाने रगडायला लागले. खालच्या अक्षरांवर त्यांची नजर गेली. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, शुभेच्छा असतील असं समजून मान हलवली, फुंकर घातली, झाकण खोचलं. आपलाच गुन्हा कबूल करणारं ते पाकीट खिशात घालून बाप बाजाराला गेला. दीपमालाने तोंडात पदर कोंबला.

मग वाट बघणं आलं. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, उत्तर नाही. लग्नपत्रिका वाटून झाल्या. हळदीच्या दिवशी दुपारी मांडवाला तोरणं बांधायचं काम चाललं होतं, आबा शिडीवर होते. आणि बांधापलीकडे रिक्षा थांबली.

ललित उतरला. अंगाने भरलेला, कानशिलं पिकायला लागलेली. मागे निकिता, तिच्या कडेवर मुलगी. तो बांधापर्यंत आला आणि तिथेच थांबला. पाय पुढे टाकेना. साळूबाई हळदीचा हात तसाच धरून उभी राहिली.

आबा शिडीवरून एकेक पायरी उतरले. बांधाच्या अलीकडे जाऊन उभे राहिले.

"तिथं काय उभा?" ते म्हणाले. "नऊ वरीस झालं हिरीवर बसवतोय तुला. एकदा तरी उठून घरात यावं का नाय माणसानं?"

ललितचा चेहराच वाकडा झाला. "आबा, मला वाटलं तो रंग माली देते."

"तिला काय कळतंय? ती तर दरवेळी नांगी ठिवायची!"

एवढं बोलून आबांचा धीर सुटला. त्यांनी बांधावरून हात लांब केला, पोराच्या मनगटाला धरलं आणि त्याला अक्षरशः ओढून मळ्यात घेतलं. ललितने त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं. केवढा तरी वेळ तो तसाच उभा होता. त्या खांद्याला झेंडूचा वास येत होता आणि त्याला तो सोडवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने वाल्मीकचा कान असा पिळला की फोटोत कान पिवळा दिसतो. तोरणं ओवताना बोटं माखली होती ना!

"म्हणजे हा ललितमामा!" साई ओरडली. "आणि रंग आबांचा!"

"हो. आणि कार्ड मी परत पाठवलं नाही. म्हटलं, मेलं विटू दे, पण पुन्हा रंगवायचं नाही."

आबांना जाऊन आता दीड वर्ष झालं. साळूबाई पिथमपूरला नातीजवळ असते. मळा मंगळू नावाचा गडी अर्ध्या वाट्याने करतो. आणि ललितने, ज्याला वास नकोसा झाला होता त्या शहाण्याने, क्वार्टरपुढच्या हातभर जागेत झेंडू लावलाय.

दीपमालाने मोबाइल पालथा ठेवला, चहाच्या बशीत पाणी घेतलं आणि रंगाच्या वड्या भिजवल्या. साईच्या जन्मापासून ब्रश हाती धरला नव्हता, हात थोडा अडखळत होता, पण विहीर आपोआप उतरली. झेंडूच्या ओळी आल्या. कठड्यावर ललितला तिने या खेपेला निळा शर्ट दिला, चांगला गडद. त्याच्या शेजारी वाकून बसलेला एक म्हातारा नुसत्या पेन्सिलने काढला, पैरण, टोपी, हातात करंडी, आणि ब्रश धुऊन ठेवला.

साई वाकून बघत होती. "आई, इथं रंग द्यायचा राहिला."

"राहू दे," दीपमाला म्हणाली. तिने डोळे पुसले आणि पाकिटावर पिथमपूरचा पत्ता लिहायला घेतला. "तेवढा मामा देईल. आणि पाकीट चिकटवू नकोस गं, झाकण नुसतं आत खोच."